काया मसाला, पांढरा मासा

खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून जाळावर नेली की आधी काहीच होत नाही. मग कडेला एक पिवळी जिभली दिसते, तेल चरचरतं आणि वाटी पणतीसारखी पेटते. घरात पुण्या-मुंबईचा पाहुणा असेल तर तो दचकतो. खानदेशातली बाई दचकत नाही. ती वाटी फिरवत राहते, सगळ्या अंगांनी काळी होऊ देते, मग फुंकर मारून विझवते आणि ताटलीत टाकते. निखाऱ्यात दोन-चार कांदे सालासकट भाजायला पडलेले असतात. जरा लांब, मांजराच्या वाटेपासून दूर, हळद-मीठ लावलेल्या माशाच्या तुकड्या झाकून ठेवलेल्या. हळद निथळली की आतलं मांस पांढरंशुभ्र दिसतं. आणि तासाभरानं ज्या रश्श्यात त्या पडणार आहेत, तो असणार आहे काळा.

अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा ‘डोया’ होतो, फळ ‘फय’ होतं आणि काळा मसाला ‘काया मसाला’. जळगावच्या पूर्वेकडच्या लेवा बोलीतही हा ‘य’ असाच मुक्कामाला आहे. कानाला ‘काया’ हा शब्द ‘काळा’पेक्षा मऊ लागतो. जिभेला मात्र तो मसाला मऊ लागत नाही.

खानदेश म्हटलं की कुणाला मासा आठवत नाही. आठवतं ते केळीच्या पानावर वाढलेलं वांग्याचं भरीत, लाल तवंगाची शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे. जळगावच्या केळ्यांना आणि भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माशाला असलं काही मिळण्याचा संभव नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये राज्यमासा निवडला तोही पापलेट, म्हणजे समुद्राचा. जळगावहून रेल्वेनं मुंबई गाठायची तर चारशे किलोमीटरहून अधिक अंतर. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो. बर्फाच्या पेट्या आणि वातानुकूलित गाड्या येण्याआधी या वाटेनं ताजा पापलेट येणं शक्यच नव्हतं. समुद्र खानदेशात पोचला तो वाळून. आठवडे बाजाराच्या टोकाला, मिरच्यांच्या पलीकडे, सुके बोंबील, सुकट आणि सोडे घेऊन बसणारी माणसं हीच इथली बंदरं.

ओला मासा आला तो नदीचा.

१९०६ साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पुढे तेच जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कागदावर रेघा बदलत गेल्या, तरी तिन्ही जिल्ह्यांतून जाणारी मोठी रेघ एकच राहिली: तापी. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम, सुरतेजवळ समुद्र, मधे ७२४ किलोमीटर. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तिला पूर्णा मिळते, पुढे वाघूर, गिरणा, अनेर, आणि धुळे शहर ओलांडून आलेली पांझरा तिला शिंदखेडा तालुक्यात मुडावदला कपिलेश्वराच्या पायाशी भेटते. या पाण्यात मरळ होता, वाम होता, मिशाळ शिंगाडा होता, डोहांत महसीर होता. भोई, कोळी, भिल्ल यांची जाळी या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पडत आली. पहिल्या पुराचं पाणी गढूळ होऊन नाल्याओढ्यांत शिरलं की उलट्या धारेनं निघालेले चढणीचे मासे धरायला अख्खं गाव टोपल्या घेऊन काठावर जमायचं.

आज भुसावळ किंवा धुळ्याच्या मासळी बाजारात जो मासा सर्वांत जास्त दिसतो, तो मात्र मूळचा इथला नाही. रोहू, कटला आणि मृगळ ही गंगेच्या खोऱ्याची मंडळी. ते तापीच्या खोऱ्यात आले त्याला कारण प्रयोगशाळेतली एक सुई. हे मासे वाहत्या पुरातच अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात घालत नाहीत. त्यामुळे त्यांचं बी नदीतून गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या माशांची पिल्लंही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. १० जुलै हा आज देशात मत्स्यशेतकरी दिन आहे. त्यानंतर बी हुकमी मिळू लागलं आणि गावतळ्यांपासून हतनूर, गिरणासारख्या धरणांपर्यंत ते सोडता येऊ लागलं.

या बियाण्याला सरकारी मराठीत दोन गोड शब्द आहेत. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू म्हणजे ‘मत्स्यजिरे’. बोटाएवढं झालं की ‘बोटुकली’. ज्या कारकुनानं किंवा अधिकाऱ्यानं हे शब्द घडवले, तो कधीतरी स्वयंपाकघरात डोकावला असणार. जिऱ्याएवढं पाण्यात सोडायचं, आणि वाढून परत आलं की जिऱ्याच्याच फोडणीत घालायचं.

धरणाच्या माशाची एक खोड असते. तो कधीकधी चिखलासारखा लागतो. पट्टीचे खाणारे पहिल्या घासाला ओळखतात आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणतात, ‘तळ्याचा दिसतो.’ हा वास माशाच्या शिळेपणाचा नव्हे. समुद्राच्या माशाला जो ‘मासळीचा’ वास येतो, त्याचं कूळ वेगळं: खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल सांभाळायला तो मासा अंगात एक संयुग साठवतो आणि मेल्यावर जीवाणू त्याचा वासट पदार्थ करतात. गोड्या पाण्यातल्या माशात ते संयुग नगण्य असतं. त्याच्यात मुरतो तो ‘जिओस्मिन’ नावाचा पदार्थ. पाण्यातले नील-हरित जीवाणू आणि मातीतले काही जीवाणू तो तयार करतात, आणि तो माशाच्या चरबीत जाऊन बसतो. माणसाचं नाक या एका वासाच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. अब्जांश भागापेक्षाही कमी असला तरी त्याला तो कळतो.

गंमत पुढेच आहे. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या काळ्या रानावर पडतो आणि जो वास उठतो, ज्याच्यावर मराठीत निदान एक गाडाभर कविता झाली असेल, त्या मृद्गंधातही हाच जिओस्मिन असतो. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्या वासाला ‘पेट्रिकोर’ असं शास्त्रीय नाव दिलं. कनौजचे अत्तरवाले तर भाजलेल्या मातीतून तोच गंध काढून कुपीत भरून विकतात. खळ्यात उभा राहून छाती भरून घेतलेला वास ताटात आला की तोंड वाकडं होतं. सारा प्रश्न जागेचा आहे.

या वासावर उपाय आंबटाचा. आम्ल लागलं की जिओस्मिनचं रूप बदलतं आणि वास जातो. रसायनशास्त्र न शिकलेल्या बायकांनी हे कधीचं हेरलं होतं. म्हणून माशाला आधी राख किंवा बेसन चोळून बुळबुळ काढायची, मीठ लावून दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि मग हळद-मीठ-लिंबू लावून ठेवायचं. म्हणून रश्श्यात चिंचेचा कोळ. कैरीच्या दिवसांत कैरीच्या फोडी. सातपुड्याच्या अंगानं गेलं तर आमचूर; धडगावकडच्या आदिवासी पाड्यांत उन्हाळ्यात कैरीचे काप उन्हात पसरलेले दिसतात, आणि तिथला आमचूर दूरदूरच्या बाजारांत जातो. चीनमधल्या हांगजौ शहरात पश्चिम सरोवराच्या काठी एक जुना पदार्थ मिळतो: आपल्याकडे ज्याला ‘गवत्या’ म्हणतात तोच मासा, वर काळसर, आंबटगोड व्हिनेगरचा रस. तिथं मासा रांधण्यापूर्वी एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवतात, चिखल निघून जावा म्हणून. आणि नंतर व्हिनेगर. हांगजौच्या आचाऱ्याची आणि यावलच्या आजीची भेट झाली असती, तर भाषेवाचून दोघांचं जमलं असतं.

आता रस्सा.

खोबरं जळलं, कांदे आतपर्यंत मऊ झाले. कांद्याची वरची करपलेली सालं काढायची, पण सगळी नाही. थोडा काळेपणा मुद्दाम ठेवायचा. पाट्यावर खोबरं ठेचून घ्यायचं. त्यात लसूण सढळ हातानं, आलं, कोथिंबीर काड्यांसकट, आणि वरवंटा फिरू लागला की पाण्याचा हबका. मिक्सरनं हे काम दोन मिनिटांत होतं, पण पाट्यावरचं वाटण चिरडून निघतं, खोबऱ्याचं तेल जास्त सुटतं, असं वाटणाऱ्या हातांचं म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेलच असतं. म्हणून तर वाटी पेटली होती.

काया मसाला उन्हाळ्यात घरोघरी होतो. धणे, लवंग, मिरी, दालचिनी, तमालपत्र, शहाजिरं, नागकेशर, जायपत्री, थोडे तीळ, आणि दगडफूल. हे शेवटचं नाव फुलाचं असलं तरी वस्तू फूल नाही. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र मांडलेला तो संसार आहे. कोरडं हुंगलं तर त्याला फारसा वास नसतो. तेलात पडलं की मात्र लाकूड, धूर आणि ओली माती एकदम आठवतात. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धणे भाजेपर्यंत जायपत्री जळून जाईल. मिरची नंदुरबारची. तिथं मोसमात बाजाराबाहेरच्या मोकळ्या रानांवर मिरचीच्या ‘पथाऱ्या’ पडतात. एकरच्या एकर जमीन लाल दिसते आणि वाऱ्याच्या दिशेनं जाणारा माणूस शिंकत जातो.

कढईत तेल जरा जास्तच. फोडणी, मग वाटण. इथं घाई करणाऱ्याचा रस्सा फसतो. वाटण आधी पाणी सोडतं, फुटफुटतं, हातावर उडतं. मग त्याचा रंग गडद होत जातो, ते गोळा होऊन कढईची कड सोडतं, आणि कडेनं तेल पाझरू लागतं. ‘तेल सुटलं’ हे दोन शब्द म्हणजे खानदेशी स्वयंपाकघरातलं घड्याळ आहे. ते सुटल्याशिवाय तिखट-मसाला घालायचा नाही. घातला की लगेच आधणाचं पाणी, गार कधीच नाही. गार पाणी पडलं तर वर तवंग नीट येत नाही. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून उकळी फुटली की खालचा रस्सा काळा-तपकिरी, आणि वर लालभडक तर्री.

तिकडे फ्रान्समध्ये लुआर नावाच्या नदीकाठी नेमकी उलटी गोष्ट घडली. नांत शहराजवळ क्लेमांस लफव्र नावाची बाई खानावळ चालवायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या हातून ‘बर ब्लाँ’ म्हणजे पांढरं लोणी या नावाचा सॉस जन्मला, असं तिथं मानतात. अंडं घालायचं राहून गेलं आणि चुकीतून पदार्थ झाला, अशी कथाही जोडलेली आहे. चांगल्या पदार्थांना अशा कथा चिकटतातच. बारीक चिरलेला गोडसर कांदा व्हिनेगरमध्ये आटवायचा आणि त्यात गार लोण्याचे तुकडे एकेक करून घोटत जायचं. घालायचा कशावर? नदीच्या पांढऱ्या, काटेरी पाइक माशावर. म्हणजे लुआरकाठच्या बाईपुढे तापीकाठच्या बाईचाच प्रश्न होता: नदीचा मासा, काटे फार, चव थोडी. उत्तरातही आम्ल आणि स्निग्ध हेच दोघे आहेत. पण बर ब्लाँमध्ये लोणी आणि आम्ल एकजीव राहिले पाहिजेत. आच जरा वाढली, तूप वेगळं झालं, की आचारी कपाळाला हात लावतो, सॉस फुटला. खानदेशी रश्श्याचा मात्र तो फुटण्याचा क्षणच मुहूर्त. एकीकडे जे बिघडणं आहे, ते दुसरीकडे सिद्ध होणं.

आणखी एक फरक आहे. फ्रेंच पद्धतीत मासा वेगळा शिजतो, सॉस वेगळा होतो, दोघांची गाठ ताटात पडते. सॉस वरून ओघळणारा, जरीच्या पदरासारखा. इथं मासा रश्श्यात उतरतो. तो थोडाच वेळ आत असतो, पण त्या वेळात देवाणघेवाण होते. कटल्याचं डोकं आणि शेपटाकडचा काटेरी भाग आधी टाकतात तो त्यासाठीच: डोक्यातली चरबी आणि कातडीतला चिकटपणा रश्श्याला अंग देतो. बऱ्याच घरांत ताटात तुकड्या कुणाला किती आल्या यावरून भांडण होत नाही; ते होतं डोकं कुणाला गेलं यावरून.

खरं तर खानदेशात माशाचा असा खास रस्सा नाही. रस्सा एकच आहे. त्यात मटण पडलं की मटणाचा, शेव पडली की शेवेचा, वांगं पडलं की वांग्याचा, उडदाची किंवा हरभऱ्याची डाळ वाटून वडे सोडले की डुबुकवड्यांचा. हा मसाला मुळात कोरडवाहू मुलखाचा, कमी जिनसांत जास्त माणसं जेवू घालणारा. माशाची पाळी येते तेव्हा त्याच मसाल्यातून काय काढायचं हे कळावं लागतं. मटणाचा रस्सा बेरजेनं होतो, माशाचा वजाबाकीनं.

कारण मांसातच आहे. पांढऱ्या माशाचे स्नायू क्षणभर झेप घेण्यासाठी असतात. लांबवर पोहत राहणाऱ्या बांगड्याच्या मांसात जो तांबडा पट्टा दिसतो, प्राणवायू साठवणारा, तो मरळ किंवा रोहूत नावापुरता. म्हणून चव सौम्य. मटण तासभर शिजतं, कारण त्यातल्या चिवट धाग्यांना विरघळायला तेवढा वेळ लागतो. माशात ते धागे मुळात थोडे, आणि कमी आचेवर सुटणारे. सौम्य चवीवर मटणाएवढा मसाला लादला तर ताटात फक्त मसाला उरतो, आणि मटणाएवढा शिजवला तर ताटात फक्त काटे. म्हणून खडा मसाला निम्म्यावर. लवंग-दालचिनीचा हात आवरायचा. लसूण तेवढाच, किंबहुना जास्त. आंबट वाढवायचं. रस्सा पूर्ण उकळून, चव घेऊन, मिठाचा हिशेब मिटवून मगच तुकड्या सोडायच्या. एकदा त्या गेल्या की काही दुरुस्त करता येत नाही.

आणि ढवळायचं नाही. नवी सून सवयीनं पळी घेऊन पुढे होते, तेव्हा मागून आवाज येतो, ‘पळी नको लावू, माय. पातेलं हालव.’ दोन्ही हातांत फडकं धरून पातेलं अर्ध्या वळणानं फिरवायचं, जसं पाळण्याला झोका द्यावा. तुकड्या आपापल्या जागी सरकतात, मोडत नाहीत. सात-आठ मिनिटं. तुकडीचं मांस काट्यापासून जरा उकललं की पातेलं उतरवायचं. राहिलेलं काम रश्श्याची ऊब करते.

या वजाबाकीकडे पाहिलं की कोकणचं माप किती वेगळं आहे ते दिसतं. तिथं ओला नारळ दारात, कोकम कुंपणाला, आणि मासा तासापूर्वी पाण्यात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कालवणात ओल्या खोबऱ्याचा रस, त्रिफळाच्या दोन-चार फोडी, कोकमाची दोन आमसुलं. गोव्याच्या आंबट-तिखाला तर बऱ्याचदा खोबरंही लागत नाही. ताज्या माशाला झाकायचं काही नसतं. बदलीवर जळगावला आलेला कोकणी माणूस पहिल्या रविवारी रोहू आणतो, नारळ फोडून घरचं कालवण करतो आणि चाखून गप्प बसतो. काही महिन्यांनी शेजारीण वाटीभर काळा रस्सा पाठवते. वाटी रिकामी परत पाठवायची नसते म्हणून तो तिच्यात आमसुलं घालून पाठवतो. पुढे कधीतरी शेजारणीच्या रश्श्यात चिंचेऐवजी आमसूल पडलेलं असतं.

नदीच्या लांबीवर चव कशी बदलत जाते, हे पाहायला तापीसारखी जागा नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर छोटी मासळी पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजली, की सोबत मीठ, मिरची, लसूण. वाटणाची गरजच नाही, धूर हाच मसाला. १९७२ साली पुरं झालेल्या उकाई धरणाचं पाणी मागे नवापूर-नंदुरबारच्या हद्दीत शिरलं, आणि तिथं शेती गेलेल्या गावांच्या दाराशी मासा आला. आणखी खाली, नदी समुद्राला भेटते त्या सुरतेच्या परिसरात पारशांनी पापलेटला खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबाच्या चटणीत गुंडाळून केळीच्या पानात वाफवलं; ती ‘पत्रानी मच्छी’. आता विचार करा: रावेर-यावलच्या पट्ट्यात नजर जाईल तिथवर केळी. पानं एवढी की गुरांपुढे टाकावीत. तरी खानदेशानं मासा पानात गुंडाळला नाही. पान घेतलं ते पंगतीत भरीत वाढायला. वाफेवर या मुलखाचा फारसा विश्वास दिसत नाही. जोवर काही जळत नाही, तोवर स्वयंपाक सुरू झाला असं इथं वाटत नाही. वांगं जाळावर, मिरची तव्यावर, खोबरं आगीत.

बाजार मात्र बदलतो आहे. जळगावच्या महामार्गालगतच्या हॉटेलांत आता ‘बासा’ मिळतो: व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा मासा, काटा नाही, कातडी नाही, वास नाही आणि खरं सांगायचं तर चवही फारशी नाही. त्याचाच भाऊबंद पंगस आता आपल्या तळ्यांतही वाढवतात. १९५२ साली देशात आणलेली आफ्रिकेची तिलापिया ‘चिलापी’ होऊन कधीच गावठी झाली आहे. पुण्यात शिकून आलेली मुलं बासा ‘लेमन बटर’मध्ये मागवतात. लोणी, लिंबू, लसूण, वर कोथिंबिरीची दोन पानं. लुआरकाठच्या त्या पांढऱ्या लोण्याचा हा दूरचा नातू, सुरत-नागपूर महामार्गावर येऊन बसलेला. जुनी माणसं त्याला नाक मुरडतात, पण मुलांचं अगदीच चुकत नाही. ज्या माशाला स्वतःचा वासच नाही त्याला एवढ्या जाळपोळीची गरज नसते. गंमत अशी की तीच मुलं घरी आली की आईला विचारतात, काळा रस्सा कधी करणार? आणि आईनं बासा आणून त्यात घातला तर म्हणतात, काटे नाहीत, मजा नाही.

काटे ही मजा कशी, हे बाहेरच्याला समजावणं अवघड. रोहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे विखुरलेले असतात. त्यामुळे खाणारा आपोआप सावकाश होतो. बोटांनी मांस चाचपायचं, काटा काढून ताटाच्या कडेला लावायचा, मग घास. शेवभाजी ओरपणारा माणूस माशाच्या ताटावर ध्यानस्थ बसतो. लहान मुलांना आजी काटे काढून भाकरीत मांस दडवून भरवते आणि तरीही घास गिळेपर्यंत तोंडाकडे पाहत राहते. घशात अडकलाच तर कोरड्या भाकरीचा मोठा घास, हा वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध पण सर्वत्र चालणारा इलाज.

जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नावा समुद्रात जात नाहीत. मुंबईत तेव्हा पापलेटचे भाव चढतात. त्याच सुमारास वऱ्हाड-मध्य प्रदेशाकडून पाणी येऊन हतनूरचे दरवाजे उघडू लागतात. दरवाजे ४१ आहेत. किती उघडले याचा आकडा जळगावच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतो. आखाडातले रविवार मोजके असतात, पुढे श्रावण. त्या रविवारी नदीकाठच्या बाजारात सकाळी आठलाच गर्दी होते. कल्ले उचलून लाली पाहायची, पोट दाबून पाहायचं, ‘धरणाचा की तळ्याचा?’ असं विचारायचं आणि उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. कापणारी बाई विळीवर बसून दोन मिनिटांत खवले उडवते. समोरच्याच्या सदऱ्यावर एखादा खवला चिकटतो आणि संध्याकाळपर्यंत तिथं चमकत राहतो.

त्या रात्री घरात तुकड्या मोजून वाढल्या जातात; रस्सा मागाल तितका. दादरच्या ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी चुरायची, मधे आळं करायचं, त्यात रस्सा ओतायचा, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड. माणसं घाम पुसत जेवतात, नाक ओढतात, पाणी पीत नाहीत, कारण पाण्यानं तिखट पसरतं. तुकड्या संपतात. पातेल्यात तळाला बोटभर रस्सा, कढीलिंबाची दोन पानं आणि मोडलेल्या एखाद्या तुकडीचे पांढरे कण उरतात. त्यावर झाकण पडतं.

हिवाळ्यात हेच सकाळी उघडलं तर आत वेगळीच वस्तू असते. सातपुड्याकडून गार वारं आलेलं, पारा दहा-बाराला उतरलेला. खोबऱ्याचं तेल गोठून वर लालसर साय धरलेली, खाली कातडी-काट्यांचा चिकटपणा उतरून रस्सा थिजलेला, पळी उभी राहील एवढा. घरात जो सर्वांत आधी उठतो त्याचा त्यावर हक्क. तो चूल फुंकतो, पातेलं जाळावर ठेवतो आणि हात शेकत वाट पाहतो. कडेनं आधी एक बुडबुडा येतो. मग साय एका बाजूनं ढिली होते, तिला भेग पडते, आणि भेगेतून लाल तेल पुन्हा वर यायला लागतं. मांजर उंबऱ्यापाशी येऊन बसलेलं असतं. कालची भाकरी तो तव्यावर उलटी टाकतो.